गाडीसाठी घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक्स: मायक्रोकंट्रोलर शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीत स्वतः बनवलेला व्होल्टमीटर, टॅकोमीटर (इंजिनचे फेरे मोजणारा मीटर) किंवा ओबीडी डिस्प्ले (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारा) बसवायचा आणि त्या निमित्ताने मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमधला छोटा संगणक, शिकायचा, असं ठरवलेल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: बहुतेक जण प्रोग्रॅममध्ये अडकत नाहीत, गाडीच्या वीजपुरवठ्यात अडकतात. त्यामुळे प्रश्न ६ ते ९ कोणी गाळू नयेत, सॉफ्टवेअरवाल्यांनी तर मुळीच नाही.

१. मला प्रोग्रॅमिंग अजिबात येत नाही, इंजिनिअरिंगही केलेलं नाही. जमेल का?

जमेल. व्हेरिएबल, अट, लूप आणि फंक्शन एवढं समजलं की या कामापुरतं प्रोग्रॅमिंग झालं. रोज तासभर दिलात तर महिन्याभरात हात बसतो. त्याच्या जोडीला मल्टिमीटर वापरता आला पाहिजे आणि सोल्डरिंग नीट जमलं पाहिजे. या दोन गोष्टींकडे लोक दुर्लक्ष करतात आणि नंतर 'कोडमध्ये काय चुकलं' म्हणून डोकं खाजवत बसतात.

बोर्ड हातात येण्याआधीच सुरुवात करायची असेल तर वोकवी नावाचा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो. त्यात एलईडी, बटण, पोटेन्शिओमीटर जोडून पाहा. व्हिडिओ बघून जोडणी जशीच्या तशी उतरवू नका. चालली तर ठीक, पण बिघडली की कुठून तपासायला घ्यायचं तेच कळत नाही.

२. बोर्ड कोणता घेऊ? आर्डुइनो नॅनो, ईएसपी३२ की रास्पबेरी पाय?

पहिल्या प्रोजेक्टला नॅनो. त्यावरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम असते. ऐकायला फार कमी वाटतं, पण मीटर-डिस्प्लेच्या कामाला पुरून उरतं. चिप ५ व्होल्टवर चालते, आणि गाडीच्या कामात वापरले जाणारे बरेचसे मॉड्यूलही ५ व्होल्टचेच असतात.

ब्लूटूथ किंवा वायफाय हवं असेल तर ईएसपी३२ घ्या. मात्र त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट थेट दिले तर पिन जाऊ शकते. त्याचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा बनवणारा भाग) दोन्ही टोकांना सरळ रेषेत वागत नाही, त्यामुळे अचूक व्होल्टेज मोजायला तो जरा त्रासदायक पडतो.

रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक आहे. चालू व्हायला वेळ घेतो, आणि चावी बंद केल्यावर एकदम वीज गेली की त्याच्या मेमरी कार्डवरचा डेटा खराब होऊ शकतो. या कामाला तो नको. त्याच कंपनीचा पिको मात्र मायक्रोकंट्रोलर आहे, दोघांत गल्लत करू नका.

३. मला पायथन येते. तीच चालेल का?

ईएसपी३२ आणि पिकोवर मायक्रोपायथन चालते, नॅनोवर नाही. तरी माझा सल्ला सी++ शिकण्याचाच आहे. आर्डुइनोत जे लिहितो ती सी++ च असते, फक्त सोप्या फंक्शन्सची जोड दिलेली. कॅन (गाडीतल्या छोट्या संगणकांची आपसात बोलायची लाइन), सेन्सर, डिस्प्ले यांच्या तयार लायब्ररीही तिथेच सर्वांत जास्त आहेत.

४. सुरुवातीचा प्रोजेक्ट कोणता करू?

बॅटरीचा व्होल्टमीटर. साधा वाटतो, पण एडीसी, गणित, डिस्प्ले आणि गाडीची वीज या चारही गोष्टी त्यात येतात.

१० किलो-ओमचे चार रेझिस्टर घ्या. तीन सिरीजमध्ये वर, एक खाली. मधल्या जोडावर बॅटरीच्या व्होल्टेजचा बरोबर चौथा हिस्सा मिळतो, म्हणजे २० व्होल्टपर्यंत नॅनोच्या पिनेला धोका नाही. खालच्या रेझिस्टरला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर समांतर लावा. नॅनोचा एडीसी १० बिटचा आहे: ० ते ५ व्होल्टचे ० ते १०२३ असे आकडे देतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्ट असतील तर पिनेवर ३.६ येतात आणि एडीसी ७३७ दाखवतो. उभ्या गाडीत १२.६ असतील तर ६४५. हे दोन आकडे आधी कागदावर काढा आणि मग सीरिअल मॉनिटरवर (नॅनोने पाठवलेले आकडे दाखवणारी संगणकावरची खिडकी) तपासा. कागदाशी जुळले नाहीत तर दोष जोडणीत की कोडमध्ये हे शोधणं सोपं जातं.

५. स्वस्तातला नॅनो आणला, पण त्यावर प्रोग्रॅम चढतच नाही. 'नॉट इन सिंक' असा एरर येतो.

दोन कारणं बघा. अशा क्लोन बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर संगणकावर नसेल तर पोर्टच दिसत नाही. पोर्ट दिसत असूनही एरर येत असेल तर आर्डुइनोच्या टूल्स मेनूत प्रोसेसरखाली 'ओल्ड बूटलोडर' निवडा (बूटलोडर म्हणजे यूएसबीवरून नवा प्रोग्रॅम आत घेणारा, चिपमधलाच छोटा प्रोग्रॅम). हे दोन्ही करून भागलं नाही तर केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

सामानाचं म्हणाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे जाऊन वस्तू हातात घेऊन बघता येते. टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका दाबणारा) मागितल्यावर कोणी 'हा झेनर पण चालेल' म्हणालं तर घेऊ नका. टीव्हीएस कशासाठी लागतो, ते पुढच्याच उत्तरात आहे.

६. गाडीत १२ व्होल्ट आहेत आणि नॅनोच्या विन (बाहेरची वीज घेणाऱ्या) पिनेला ७ ते १२ व्होल्ट चालतात. मग थेट जोडू का?

नको. गाडीतले '१२ व्होल्ट' हे नावापुरते आहेत. गाडी उभी असताना साधारण १२.६, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४, आणि सेल्फ मारताना क्षणभर ६ किंवा त्याहूनही खाली. बऱ्याच क्लोन नॅनोंवर एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर आणून स्थिर ठेवणारी चिप) असतो आणि त्याची कमाल मर्यादा १५ व्होल्ट. म्हणजे नेहमीच्या चालत्या गाडीतही तुम्ही मर्यादेपासून जेमतेम अर्ध्या व्होल्टावर असता.

खरी भीती वेगळीच आहे. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल ढिलं होऊन सुटलं तर अल्टरनेटरला एकदम कमी होता येत नाही आणि लाइनवरचा व्होल्टेज उसळतो. याला लोड डंप म्हणतात. अल्टरनेटरमध्ये आतून संरक्षण असेल तर ही उसळी ३५ व्होल्टच्या आसपास थांबते, नसेल तर त्याच्या दुपटीहून वर जाते आणि काही दशांश सेकंद टिकते. शिवाय रिले, वायपरची मोटर, हॉर्न बंद होताना छोटे पण टोकदार झटके बसतात ते निराळेच. कंपन्यांना आपले भाग आयएसओ ७६३७ आणि आयएसओ १६७५० या मानकांप्रमाणे अशाच धक्क्यांवर तपासून घ्यावे लागतात. पुण्यात एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत हे काम चालतं. आपल्याकडे प्रयोगशाळा नसते, म्हणून संरक्षण सढळ हाताने द्यायचं.

जोडणीचा क्रम असा ठेवा. जिथून वीज घेता तिथे लगेच अर्धा किंवा एक अँपिअरचा फ्यूज. मग वायर उलटी लागली तर वाचवणारा १एन४००७ डायोड. त्यानंतर लाइन आणि अर्थच्या मध्ये एसएमसीजे२४ए टीव्हीएस डायोड, म्हणजे झटका आला की तो ३९ व्होल्टच्या आत दाबला जातो. मग ५० व्होल्टचा ४७० मायक्रोफॅरड कपॅसिटर, आणि शेवटी रेग्युलेटर.

रेग्युलेटरमध्ये माझी पसंती एलएम२९४० ला. तो गाडीसाठीच बनवलेला आहे, ६० व्होल्टपर्यंतची क्षणिक उसळी सोसतो आणि इनपुट आउटपुटपेक्षा अर्धा व्होल्टच जास्त असला तरी काम करतो. त्याच्या आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतोच, नाहीतर तो डोलायला लागतो. १०० मिलिअँपिअर घेत असाल तर १४.४ वरून ५ वर येताना जवळजवळ एक वॉट उष्णता होते, तेव्हा छोटा हीटसिंक लावा. जास्त करंट हवा असेल तर एलएम२५९६ चं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल घ्या. त्याची इनपुट मर्यादा ४० व्होल्ट आहे, म्हणून वरचा टीव्हीएस त्याला नेमका जुळतो. मॉड्यूल नॅनोला जोडण्याआधी त्यावरचा स्क्रू फिरवून आउटपुट मल्टिमीटरवर ५ व्होल्टला आणा. पुडीतून निघालेलं मॉड्यूल किती व्होल्ट देईल याचा भरवसा नसतो. हे ५ व्होल्ट नॅनोच्या ५ व्होल्ट पिनेला द्यायचे, विनला नाही.

७. एवढं सगळं करण्यापेक्षा लायटरच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर वापरला तर?

चालेल, आणि शिकत असताना तेच करा. चांगल्या कंपनीच्या चार्जरमध्ये प्रश्न ६ मधलं बरंचसं काम आधीच केलेलं असतं. अगदी स्वस्त चार्जरमुळे एफएमवर खरखर येते, ती तुमच्या एडीसीच्या रीडिंगमध्येही दिसते. कायमस्वरूपी बसवायची वेळ येईल तेव्हा स्वतःचा पुरवठा बनवा.

८. सेल्फ मारला की डिस्प्लेवर चित्रविचित्र अक्षरं येतात आणि तशीच राहतात. नॅनो मात्र चालू असतो. असं का?

कारण नॅनो रीसेट झालेला नसतो, एलसीडी झालेला असतो. नॅनोची ब्राउनआउट मर्यादा (ज्याखाली तो स्वतःला रीसेट करतो) साधारण २.७ व्होल्ट असते. पुरवठा ५ वरून ३.५ वर आला तरी तो रेटून चालत राहतो. १६×२ च्या एलसीडीतल्या कंट्रोलरला तेवढे पुरत नाहीत. तो मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि ४-बिट मोडमधला दोघांचा ताळमेळ तुटतो.

दोन्हीकडून उपाय करा. प्रश्न ६ मधल्या डायोडनंतरचा कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा घ्या. सर्किट ५० मिलिअँपिअर घेत असेल तर तो एक दशांश सेकंदात सव्वादोन व्होल्टच खाली येतो, आणि सेल्फचा सगळ्यात खोल खड्डा सुरुवातीच्या त्याच क्षणापुरता असतो. डायोडमुळे त्यातला चार्ज गाडीकडे परत जात नाही. प्रोग्रॅममध्येही सोय ठेवा: बॅटरी ९ व्होल्टच्या खाली गेलेली दिसली की ती पुन्हा वर आल्यावर सेकंदभर थांबून डिस्प्ले नव्याने इनिशिअलाइज करायचा. ७८०५ वापरत असाल तर तो आधी बदला, त्याला आउटपुटपेक्षा दोन व्होल्ट जास्त लागतात.

९. टेबलावर रीडिंग बरोबर येतं, लॅपटॉपला लावून गाडीत पाहिलं तर १५.३ व्होल्ट दाखवतो. मल्टिमीटर १४.४ म्हणतोय.

नॅनो मोजमाप करतो ते स्वतःच्या ५ व्होल्टच्या तुलनेत. लॅपटॉपच्या यूएसबीवर ते ५ नसून ४.७ असतील तर पिनेवरच्या त्याच ३.६ व्होल्टचं रीडिंग ७३७ ऐवजी ७८४ येतं. तुमचा कोड ५ धरून गुणाकार करतो आणि १५.३ छापतो.

पक्का इलाज म्हणजे चिपमधला १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ वापरणं. मग प्रश्न ४ मधला रेझिस्टरचा विभाजक बदलावा लागेल: वर १८० किलो-ओम, खाली १०. त्याने एकोणिसावा हिस्सा मिळतो आणि जवळजवळ २१ व्होल्टपर्यंत मोजता येतं. हा संदर्भ प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो, १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही. म्हणून एकदा मल्टिमीटरशी ताडून आपला गुणक ठरवा आणि कोडमध्ये लिहून ठेवा.

याने फरक पडला नाही तर अर्थ तपासा. सेन्सरचा अर्थ इंजिनवर आणि नॅनोचा अर्थ डॅशबोर्डमागच्या कुठल्याशा बोल्टवर असेल तर दोन जागांमध्ये काही दशांश व्होल्टचा फरक सहज पडतो. दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी आणा.

१०. इंजिन बंद असताना १२.६ दाखवतो, इंजिन चालू केलं की उणे आकडा! बोर्ड खराब आहे का?

बोर्ड ठणठणीत आहे. नॅनोवर 'इंट' (पूर्णांकाचं साधं व्हेरिएबल) १६ बिटचा असतो, त्यात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. तुम्ही रीडिंगला ५० ने गुणून मग १०२४ ने भागत असणार. ६५५ गुणिले ५० म्हणजे ३२७५०, इथवर ठीक. ६५६ ला संख्या मर्यादा ओलांडते आणि उणे होते. हा ६५६ नेमका १२.८ व्होल्टला येतो, त्यामुळे उभ्या गाडीत सगळं सुरळीत आणि अल्टरनेटर सुरू झाला की घोळ. गुणाकाराआधी व्हेरिएबल 'लाँग' करा. आधी भागून मग गुणायचा शॉर्टकट घेऊ नका: ७३७ भागिले १०२४ पूर्णांकात शून्यच येतं.

११. डिस्प्ले चालू असताना बटण दाबलेलं कळतच नाही.

कोडमध्ये 'डिले' असणार. डिलेच्या काळात प्रोग्रॅम काहीच बघत नाही. त्याऐवजी 'मिलिस' (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) वापरा: मागच्या वेळी किती वाजले होते ते लक्षात ठेवायचं, आताच्या वेळेतून वजा करायचं, ठरलेलं अंतर झालं की काम करायचं. दोन्ही व्हेरिएबल 'अनसाइन्ड लाँग' ठेवा आणि तुलना वजाबाकीनेच करा. मिलिसचा काटा साधारण ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. चावीबरोबर बंद होणाऱ्या सर्किटला त्याचं काही नाही, कायम चालू असणाऱ्याला आहे. वजाबाकी केलेली असेल तर तोही क्षण बिनबोभाट जातो.

१२. जुन्या मारुती ८०० ला टॅकोमीटर करायचाय. आरपीएम कुठून घेऊ?

डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलवरून. पण जपून. तिथे दर ठिणगीला ३०० ते ४०० व्होल्टचा झटका येतो. नॅनोची पिन थेट लावलीत तर पहिल्याच स्टार्टला चिप गेली म्हणून समजा. मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशाने इशारा पोचवून दोन बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) घाला. त्याच्या एलईडीला सिरीजमध्ये १० किलो-ओमचा १ वॉटचा रेझिस्टर आणि उलट दिशेने समांतर एक १एन४१४८. ऑप्टोकपलरची दुसरी बाजू नॅनोच्या २ किंवा ३ नंबरच्या पिनेला, कारण नॅनोवर बाह्य इंटरप्टची (इशारा आला की चालू काम थांबवून तो लगेच हाताळायची) खास सोय त्या दोन पिनांवरच आहे.

आता गणित. इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं चार सिलिंडरची असतात: दर फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणून वारंवारिता गुणिले ३०. मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन तीन सिलिंडरचं आहे. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत तीन ठिणग्या, म्हणून गुणिले ४०. ७५ हर्ट्झ आले तर ३००० आरपीएम. उतरवलेला कोड तसाच वापरलात तर २२५० दाखवेल आणि तो आकडा इतका खरा वाटतो की शंकासुद्धा येत नाही.

एका ठिणगीनंतर लाइन थोडा वेळ थरथरत राहते, ते जादा पल्स गाळावे लागतात. ६००० आरपीएमलाही या इंजिनात दोन ठिणग्यांमध्ये साडेसहा मिलिसेकंदांहून जास्त अंतर असतं, तेव्हा ३ मिलिसेकंदांच्या आत आलेला पल्स बिनधास्त सोडून द्या. इंटरप्टमधलं व्हेरिएबल 'व्होलाटाइल' जाहीर करा आणि मुख्य प्रोग्रॅममध्ये त्याची प्रत घेताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवा.

१३. माझ्या गाडीत ओबीडी आहे का? त्यातून काय काय वाचता येईल?

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट शोधा. भारत स्टेज ४ च्या गाड्यांना ओबीडी-२ ची अट २०१३ पासून लागली, पण स्टेज ४ देशभर सक्तीचा झाला तो १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे मधल्या वर्षांतल्या गाड्यांचं वर्षावरून ठरवू नका, सॉकेट तपासा. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरी, ४ आणि ५ वर अर्थ, ६ आणि १४ वर कॅन, ७ वर जुनी के-लाइन (कॅनच्या आधीची पद्धत). चावी चालू ठेवून ६ आणि १४ वर अडीच व्होल्टच्या आसपास मिळाले तर बहुधा कॅन आहे. नाही मिळाले आणि ७ वर बॅटरीइतका व्होल्टेज आला तर के-लाइन समजा. त्याला वेगळी चिप आणि वेगळी लायब्ररी लागते.

कॅनवर विचारणा करायची ७डीएफ या पत्त्यावर, उत्तर बहुधा ७ई८ वरून येतं. सेवा १ मध्ये पीआयडी (हव्या त्या माहितीचा क्रमांक, इथे दशमानात) १२ म्हणजे आरपीएम: दोन बाइट येतात, पहिला गुणिले २५६ अधिक दुसरा, भागिले ४. पहिला १३ आणि दुसरा ३२ असेल तर ८४०, म्हणजे आयडलिंग. पीआयडी ५ म्हणजे कूलंटचं तापमान, त्यातून ४० वजा करायचे. १३० आले तर ९० अंश. पीआयडी १३ म्हणजे वेग, थेट किलोमीटरमध्ये. दरवाजे, काचा, दिवे यांची माहिती या मानकात नाही, ती प्रत्येक कंपनीची आपापली असते.

१४. एमसीपी२५१५ हे कॅनचं मॉड्यूल जोडलं, कोड चालतोय, पण एकही संदेश येत नाही.

आधी मॉड्यूलवरचा चांदीच्या रंगाचा क्रिस्टल बघा. स्वस्त मॉड्यूलवर तो बहुधा ८ मेगाहर्ट्झचा असतो आणि अनेक लायब्ररी १६ धरून चालतात. मग तुम्ही ५०० केबीपीएस लिहिता आणि चिप प्रत्यक्षात २५० ने चालते. जवळजवळ नेहमी हेच कारण निघतं.

त्यानंतर मॉड्यूलवरचा १२० ओमचा जंपर. कॅनच्या तारेला दोन टोकांना १२०-१२० ओम गाडीनेच दिलेले असतात. बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये मोजलं तर ६० ओम येतात. ओबीडीवर जोडताना तुमचा तिसरा नको, जंपर काढून टाका. टेबलावर दोन मॉड्यूल एकमेकांना जोडून बघताना मात्र दोन्ही जंपर हवेत.

सगळं बरोबर असूनही शांतता असेल तर कदाचित गाडीत गेटवे आहे: विचारल्याशिवाय ओबीडीवर काही बोलत नाही. विचारूनही उत्तर नाही आलं तर २९ बिटचे पत्ते वापरून पाहा, काही गाड्या त्यावरच उत्तर देतात. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा चिप 'लिसन ओन्ली' मोडमध्ये ठेवा, म्हणजे चुकीचा वेग लावला तरी गाडीच्या बोलण्यात तुमची लुडबुड होणार नाही.

१५. चेसिस नंबर मागवला तर 'एमए३' एवढंच येतं. पुढचा कुठे गेला?

तुमची गाडी मारुतीची आहे हे कळलं, आणि तुमच्या कोडमध्ये फ्लो कंट्रोल नाही हेही. कॅनच्या एका संदेशात ८ च बाइट मावतात. १७ अक्षरांचा नंबर तुकड्यांत येतो: पहिल्या तुकड्यात तीन अक्षरं, आणि मग ईसीयू (इंजिनचा संगणक) तुमच्या 'पुढचं पाठव' या इशाऱ्याची वाट बघतो. उत्तर ७ई८ वरून आलं असेल तर ७ई० वर पहिला बाइट हेक्समध्ये ३० आणि बाकी शून्य असा संदेश लगेच पाठवा, उरलेले दोन तुकडे येतील.

१६. नॅनोच्या पिनेने रिले चालवू का? आणि मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला तर तापतो.

गाडीच्या रिलेची कॉइल दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेते, नॅनोच्या पिनेने २० च्या वर देऊ नयेत. मध्ये ट्रान्झिस्टर किंवा मॉस्फेट हवा, आणि कॉइलला उलटा १एन४००७. मॉस्फेट तापतो कारण तुम्ही आयआरएफझेड४४एन आणलाय. तो ५ व्होल्टमध्ये पूर्ण उघडत नाही. आयआरएलझेड४४एन मागा, नावात एका अक्षराचाच फरक आहे.

१७. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. माझ्या सर्किटमुळे?

शक्य आहे. नॅनो नुसता बसून २० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास जातो. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून महिन्याला १४, म्हणजे चाळीस टक्के. पण आठच दिवसांत उतरत असेल तर एकटं तुमचं सर्किट दोषी नाही, एक तर बॅटरी म्हातारी झालीये किंवा आणखी काहीतरी वीज ओढतंय. निगेटिव्ह टर्मिनल काढून मध्ये मल्टिमीटर लावून मोजा.

सोपा उपाय: चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप लावून वीज घ्या. कायम चालू ठेवणं गरजेचं असेल तर पॉवर-डाउन स्लीप वापरा. पण नॅनोवरचा पॉवर एलईडी आणि रेग्युलेटर झोपत नाहीत, त्यामुळे खरा फायदा हवा तर नुसती चिप वेगळ्या बोर्डवर बसवावी लागते.

१८. ट्रिपमीटरचा आकडा दर सेकंदाला ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवला तर चालेल ना?

एका जागेवर एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. दर सेकंदाला लिहिलंत तर ती २८ तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये संपली. किलोमीटर बदलला की लिहा, जागा फिरत्या ठेवा. किंवा चावी बंद झालेली एका वेगळ्या पिनेवर ओळखा आणि प्रश्न ८ मधल्या मोठ्या कपॅसिटरच्या जोरावर तेवढ्यात एकदाच लिहून घ्या.

१९. वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणारा टायमर) चालू केला आणि आता नॅनो नुसता लुकलुकतोय, नवीन प्रोग्रॅमही घेत नाही.

जुना बूटलोडर. वॉचडॉगने रीसेट केल्यावर तो स्वतः चालूच राहतो, मुदत १५ मिलिसेकंदांची. जुना बूटलोडर तो बंद करत नाही, म्हणून पुन्हा रीसेट, पुन्हा तेच. वीज पूर्ण काढून पुन्हा देताना लगेच अपलोड केलंत तर बऱ्याचदा सुटतो. कायमचा इलाज म्हणजे दुसरा आर्डुइनो प्रोग्रॅमर म्हणून वापरून ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर चढवणं. त्यानंतर प्रश्न ५ मधला 'ओल्ड बूटलोडर' पर्याय बदलायला विसरू नका.

२०. ब्रेडबोर्डवरच गाडीत ठेवलं तर?

दोन खड्डे आणि वायर निघाली. झिरो बोर्डवर सोल्डर करा, वायरींना हीट श्रिंक चढवा, जाणाऱ्या-येणाऱ्या वायरी बोर्डाजवळ बांधून घ्या म्हणजे ताण सोल्डरवर येत नाही. हॉट ग्लूवर भिस्त नको: मे महिन्यात नागपूर-अकोल्याला उन्हात लावलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो मऊ पडतो. चिप ८५ अंशांपर्यंत टिकते, साधे एलसीडी त्याच्या आधीच काळे पडतात. लिथियमची बॅटरी आत ठेवूच नका.

२१. वॉरंटी, विमा, आरटीओ यांची काही अडचण?

ओबीडीला लावून काढून घेतलेला डिस्प्ले ही अडचणीची गोष्ट नाही. मूळ वायरिंग कापून जोड दिलेत तर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि पुढे शॉर्ट होऊन आग लागली तर विम्याचा दावाही अडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीचा तपशील नोंदणी आणि कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल अशा बदलांना मनाई करतं. व्होल्टमीटर त्यात येत नाही. बाहेरचे दिवे, हॉर्न, इंजिन यांत हात घालण्याआधी आरटीओत विचारा.

२२. इंजिनचा ईसीयूच घरी बनवता येईल का?

येतो. स्पीडुइनो हा ओपन सोर्स प्रकल्प आर्डुइनो मेगा २५६० वर इंजेक्शन आणि इग्निशन चालवतो, त्याचा कोड वाचण्यासारखा आहे. पण रोजच्या गाडीवर हे प्रयोग नकोत. सुट्या इंजिनावर किंवा खासगी जागेत चालणाऱ्या जुन्या गाडीवर करा. इथवरचे प्रश्न स्वतः सोडवता येऊ लागले की त्याकडे वळा.

२३. कुठल्या वायरींना अजिबात हात लावायचा नाही?

एबीएस, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आणि एअरबॅग. यांच्यावर काही जोडायचं नाही, यांच्या फ्यूजवरून वीजही घ्यायची नाही. एअरबॅगचे कनेक्टर सहसा पिवळे असतात. डॅशबोर्ड उघडायचाच असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, आणि पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटरचं टोकही लावू नका. ओम मोजताना मीटर स्वतः थोडा करंट सोडतो.